हिरोशिमावाली

कोरियातल्या मुल्गे गावात लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही. ती ज्या गावाहून आली, त्या गावाची ती 'वाली'. शिम पिल्नाम नवरी होऊन आली तेव्हा मात्र सासूपुढे पेच पडला. बापाचं मूळ गाव डोंगरापलीकडेच होतं, पण पोर तिथं ना जन्मली होती ना वाढली होती. अकराव्या वर्षी बापाच्या मागोमाग समुद्र ओलांडून आली, ती भाजलेला उजवा हात घेऊनच. सासूनं दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला, "जिथं नाळ पुरली ते माहेर. आजपासून ही हिरोशिमावाली."

हे नाव तिला अडतीस वर्षं चिकटून राहिलं. जवळच्या हापचनला दर पाचव्या दिवशी बाजार भरतो. तिथं ती ओकच्या बियांच्या पिठाच्या वड्या विकायला बसे, खरवसासारख्या थरथरणाऱ्या. उजवं कोपर पुरतं सरळ होत नसे, म्हणून सुरी डाव्या हातात. पण वडी कशी कापायची ते तिच्याकडून शिकावं. एकीची कड दुसरीला लागायची नाही. शेजारी लसूण घेऊन बसणारी चोग्येवाली जिभेची तिखट होती.

"काय गं हिरोशिमावाली, इतक्या वर्षांत एकदाही माहेरी गेली नाहीस! भांडण झालं की काय?"

"माहेरच जळालं. जाऊन बसू कुठं, राखेवर?"

"ते सगळ्यांचंच जळालं बाई. निदान चपलांचा जोड तरी घेऊन ये. जपानी चपला टिकतात म्हणे."

यावर दोघी हसत. त्या भागातली निम्मी घरं तिकडूनच परतलेली होती, त्यामुळे या थट्टेचं कुणाला काही वाटत नसे. चांद्र पंचांगातल्या सहाव्या महिन्याची अठ्ठाविसावी तिथी आली की घरोघर कढया चढत. दुसऱ्या दिवशीच्या सकाळी बॉम्ब पडला होता, म्हणून आदल्या रात्री श्राद्ध. माशाच्या आणि भोपळ्याच्या भज्यांचा वास एकाच संध्याकाळी साऱ्या पंचक्रोशीत भरून राही. पिल्नामही त्या दिवशी देगू शहरात धाकट्या भावाकडे जाऊन आईसाठी ताट वाढी. त्या सकाळी आई दोबाशी भागात घरं पाडायच्या कामावर गेली होती. आग पसरू नये म्हणून वस्तीतल्या बायकांना असल्या कामाला नेत. तिथून ती परतली नाही. प्रेतही सापडलं नाही. पण तिथी पक्की होती, आणि ज्याची तिथी पक्की त्याचं निदान जेवण तरी चुकत नाही, असं पिल्नामचा बाप मरेपर्यंत म्हणत आला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी पिल्नामचं रक्त कमी पडू लागलं. बाजारातून घरी येईतो तीनदा बसावं लागे. देगूच्या डॉक्टरांनी कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले, "आजी, हे रक्त तिकडच्या डॉक्टरांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक." तिकडं, म्हणजे जपानात, बॉम्बमधून वाचलेल्यांना एक छोटं पुस्तक मिळतं. ते असलं की दवाखान्याची दारं उघडतात. मात्र अर्ज स्वतः जाऊन करायचा, आणि 'ही बाई तेव्हा तिथं होती' असं नात्याबाहेरच्या दोन माणसांनी लिहून द्यायचं. एक साक्षीदार शेजारच्या गावातच मिळाला. दुसरा कुठून आणायचा? जे ओळखत होते ते बहुतेक मातीखाली.

पुढची सगळी खटपट हिरोशिमातल्या को सुन्ओक नावाच्या बाईनं केली. ती जन्मानं तिकडचीच, पण रक्तानं कोरियन. असल्या म्हाताऱ्या माणसांचे कागद सरकारदरबारी नेण्याचं काम ती हौसेनं करी. तिनं पत्र धाडलं, 'साक्षीदार सापडली. तुमच्या शेजारच्या टोफूवाल्याची मुलगी, हात्सुए. तिला तुम्ही आठवता.' अर्ज मुल्गेच्या सरपंचानं भरून दिला. पंधरा दिवसांचा परवाना मिळाला. पुस्तक मिळालं तर उपचारासाठी तो वाढणार होता, नाही मिळालं तर परत. एकोणीसशे त्र्याण्णव उजाडायला दोन महिने होते, तेव्हा पिल्नाम बोटीत बसली.

को सुन्ओक तिला घ्यायला बंदरावर आली होती. हिरोशिमा स्टेशनाबाहेर आल्यावर पिल्नाम जागच्या जागी थांबली.

शहर पुन्हा उभं राहिलंय हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. टीव्हीवर पाहिलं होतं. पण मनातलं शहर काळं ते काळंच राहिलं होतं, आणि ती आली होती त्या शहराला भेटायला. नाकाला त्या वासाची तयारी ठेवून आली होती. इथं तर फुलांचे वाफे होते, हिरव्या ट्राम होत्या, शाळेच्या मुली आइस्क्रीम चाटत खिदळत होत्या. तिनं को सुन्ओकची बाही धरली.

"आपण चुकीच्या स्टेशनवर तर नाही ना उतरलो?"

"नाही मावशी. हेच ते."

"मग ती माणसं कुठं ठेवली?"

को सुन्ओकनं मावशीची पिशवी आपल्या हातात घेतली.

पिल्नामची जपानी भाषा अकरा वर्षांची होती. चौथीत सुटली ती तिथंच राहिली होती. टपरीवर जाऊन ती म्हणाली, "काका, मला तहान लागली, पाणी द्याल का हो?" टपरीवाला तिच्याहून वीस वर्षांनी लहान. तो आधी दचकला आणि मग हसू दाबत म्हणाला, "देतो हं बाळ." को सुन्ओक खो खो हसली. पिल्नामही हसली.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी कान्नोन भागात गेल्या. घराच्या जागी दातांचा दवाखाना होता. काचेच्या दारावर हसऱ्या दाताचं चित्र. पिल्नामनं ते बराच वेळ पाहिलं. तिला काहीच वाटेना, आणि काहीच वाटत नाही याचीच धास्ती वाटली. मग ती नदीकडे वळली. ओहोटी होती. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, शेवाळलेल्या, कडा झिजलेल्या. त्या पायऱ्या तिनं ओळखल्या. त्या दिवशी त्यांच्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. ती तिथंच रस्त्यावर उकिडवी बसली आणि को सुन्ओकनं किती विनवलं तरी अर्धा तास उठली नाही.

सरपंचानं भरलेला अर्ज पिल्नामनं स्वतः कचेरीत देऊन टाकला, बाकीचा आठवडा दवाखान्याच्या तपासण्यांतच गेला. आठव्या दिवशी हात्सुएकडे जायचं ठरलं.

हात्सुए शहराबाहेर टेकडीखाली राहत होती. कमरेत वाकलेली, ठेंगणी, तुरुतुरु चालणारी. पडवीत सोललेली पर्सिमनची फळं दोरीला ओळीनं वाळत टांगली होती. तिनं आधी पिल्नामचा चेहरा न्याहाळला, मग उजवा हात.

"आओमात्सुंची तोमी ना गं तू? टोफूचा चोथा न्यायला भांडं घेऊन यायचीस आमच्याकडे. अन् घरी पोचेतो अर्धं फस्त!"

त्या काळी कोरियन माणसांना जपानी नावं घ्यावी लागली होती. शिमांचे झाले आओमात्सु, आणि पिल्नाम झाली तोमिको. हे नाव तिनं सत्तेचाळीस वर्षांनी ऐकलं.

"अर्धं नाही, हात्सुताई. दोन घास."

"दोन? तुझे गाल पांढरे व्हायचे. तुझी आई सांगायची मला, हिला रोज एक घास वाटखर्ची देते म्हणून."

दोघींनी एकमेकींचे हात धरले. चहा झाला. को सुन्ओकनं साक्षीचा कोरा कागद काढला आणि विचारलं, "आजी, बॉम्ब पडल्यावर तुम्ही तोमिकोला शहरात पाहिलं होतंत?"

"नाही. मी तेव्हा बंदराकडच्या कारखान्यात होते, घरी यायला दहा दिवस लागले. तोवर ही मंडळी निघून गेली होती. पण ती तिथं होती हे मला पक्कं ठाऊक आहे. तिची फळी होती ना!"

तेव्हा सगळेच लिहीत. घर जळालेल्या जागेवर जळकी फळी रोवायची आणि कोळशानं लिहायचं, कोण जिवंत, कोण कुठं गेलं. पिल्नामला ती फळी आठवली. तिला लिहिता येई, बापाला येत नसे. तिनं आधी लिहिलं होतं, 'आई सापडली नाही'. बापानं विचारलं, "काय लिहिलंस?" तिनं वाचून दाखवलं. बाप म्हणाला, "मेली असं लिही. उगाच लोकांना शोधायला कशाला लावायचं?" तिनं ती ओळ तळहातानं पुसली आणि नवी लिहिली. मग बाप, ती आणि धाकटा भाऊ, तिघं निघाले. ही गोष्ट तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती. लपवायची म्हणून नव्हे. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

"'आई मेली. आम्ही तिघं गावी गेलो. आओमात्सु तोमिको,'" हात्सुए म्हणाली. "माझ्या डोळ्यांपुढं आहे ते. मीच तर वाचून दाखवलं."

"कुणाला?" पिल्नामनं विचारलं.

"म्हणजे? तुझ्या आईला."

पडवीतल्या फळांवर एक गांधीलमाशी घोंघावत होती.

"कुठल्या आईला?" पिल्नाम म्हणाली.

हात्सुएचा चेहरा हळूहळू उतरला. "तोमी, तुला ठाऊक नाही? मला वाटलं, पुढं कळलं असेल. कुणीतरी कळवलं असेल. अगं, ती आली होती. अठरा तारखेला. तिला होडीतून निनोशिमा बेटावर नेलं होतं, जखमींच्या छावणीत. पाठ सगळी भाजलेली. चालता यायला लागल्याबरोबर तिथून निघाली."

बापानं पोरांना घेऊन शहर सोडलं होतं सोळा तारखेला.

पिल्नामनं विचारलं ते भलतंच. "तिच्या पायात काय होतं?"

"एका पायात सैनिकाचा बूट. दुसऱ्यात काही नाही."

"हं."

"थांबू का? नको सांगू?"

"सांगा."

हात्सुएनं मान खाली घालून सांगितलं. आई फळीपुढं उभी राहिली आणि विचारलं, हात्सुए, काय लिहिलंय गं? हात्सुए चौदा वर्षांची. खोटं वाचायचं तिला सुचलं नाही. जे होतं ते वाचलं. आई म्हणाली, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. तेव्हा आई हसली. ओठ फाटलेला होता, हसताना रक्त आलं. 'मेले म्हणे मी! बघ गं, मला कुणी सांगितलंच नाही!' मग तिनं विचारलं, यातलं आई हे अक्षर कुठलं? हात्सुएनं दाखवलं. आईनं त्यावर बोट ठेवलं, पण कोळसा पुसेल म्हणून लगेच काढून घेतलं. आणि म्हणाली, 'पोरीचं अक्षर बघ कसं आहे. सरळ. उगाच नाही शाळेत घातली.'

को सुन्ओक उठून पडवीत गेली.

"आम्ही जस्ताचा पत्रा लावून आडोसा केला होता, तिथं ती चार दिवस होती," हात्सुए म्हणाली. "पाय बरे झाले की बंदराला जाते आणि गाठते त्यांना, म्हणायची. बावीस तारखेला गेली. नदीकाठी जाळलं आम्ही. सप्टेंबरात पूर आला, तो काठच वाहून गेला. कळवायचं तरी कुठं? 'गावी' एवढंच लिहिलेलं. कोरियात गावं काय कमी आहेत, तोमी?"

गाव म्हणजे कुठलं गाव हे लिहायचं तेव्हा ना बापाच्या ध्यानात आलं होतं ना पोरीच्या. आपलं गाव आपल्याला ठाऊक असतं.

पिल्नामची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. ती तारखांवरून तिथी काढत होती. अठरा म्हणजे सातव्या महिन्याची एकादशी. बावीस म्हणजे पौर्णिमा. सहाव्या महिन्याच्या ज्या रात्री आपण आईपुढे ताट ठेवत आलो, तिच्या दुसऱ्या रात्री आई बेटावर पाणी मागत पडली होती. जिवंत होती. मेलेल्यांच्या पंगतीत आपण तिला दरसाल सोळा दिवस आधीच बसवत होतो. इतकं कळलं आणि त्यापुढं तिचं डोकं चालेना. डोळ्यांत पाणीही आलं नाही.

को सुन्ओक आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण हातात पिल्नामच्या अर्जाची प्रत होती.

"मावशी, आत्ता हे बोलणं बरं नाही. पण उद्या कचेरीत जायचंय. तुमच्या अर्जात सरपंचांनी लिहिलंय, आई त्याच दिवशी गेली. हात्सुए आजी लिहिणार, आई अठराला परत आली. दोन कागद दोन गोष्टी सांगायला लागले की कचेरीतले म्हणणार, ही बाई ती मुलगी नाहीच, नाहीतर साक्षीदाराला नीट आठवत नाही. मग नव्याने चौकशी. त्याला दोन-तीन महिने. तुमच्या परवान्याचे सात दिवस उरलेत."

"मग?"

"आजींनी फक्त फळीबद्दल लिहायचं. फळी होती, त्यावर तोमिकोचं नाव होतं, तेवढं पुरतं. आईचं लिहायला नको. यात खोटं काही नाही, फक्त थोडं गाळायचं."

हात्सुए म्हणाली, "तू म्हणशील तसं लिहिते, तोमी. तुझं औषधपाणी व्हायला हवं. तुझी आईही हेच म्हणाली असती."

पिल्नामनं तो अर्ज मागून घेतला. सरपंचाचं अक्षर किरटं. 'आई मृत, सहा ऑगस्ट.' तिनं ती ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"नाही," ती म्हणाली.

"मावशी, ऐका माझं. रक्ताचा रिपोर्ट बघितलात ना? पुन्हा परवाना कधी मिळेल—"

"पोरी, मी तिला एकदा लिहून मारलंय. ती दारात उभी होती आणि मी लिहिलं होतं, मेली. आता कळल्यावर परत तेच लिहू? पुस्तकासाठी?" तिचा आवाज चढला नाही. वडी कापताना बोलावं तसं ती बोलत होती. "हात्सुताई, तुम्ही सगळं लिहा. बुटासकट लिहा. आणि मला एक कोरा अर्ज द्या."

"मी भरून देते," को सुन्ओक म्हणाली.

"नको. मला लिहिता येतं."

दुसऱ्या दिवशी ती कचेरीच्या खिडकीशी उभी राहून लिहीत होती. चौथीतली अक्षरं, मोठी मोठी, चौकटीबाहेर जाणारी. उजवं कोपर वाकडं, म्हणून कागद तिरका धरलेला. मागे रांग वाढत होती. 'बावीस ऑगस्ट' लिहून झाल्यावर ती थांबली. पुढं 'ठिकाण' असा रकाना होता. तिथं तिनं लिहिलं, 'आमच्या घरी'. पलीकडचा कारकून तरुण होता, टाय घट्ट बांधलेला. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. वाचता वाचता त्याचं पेन थांबलं. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"आधीच्या अर्जात वेगळी तारीख आहे," तो हळू म्हणाला.

"ती चूक आहे. ही बरोबर."

"मग हे वर पाठवावं लागेल. निर्णय कधी होईल ते मी सांगू शकत नाही. माफ करा."

"बरं."

त्यानं पोच दिली. तिनं ती घडी करून पदराआड ठेवावी तशी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली. को सुन्ओक रागानं रडत होती आणि रुमाल शोधत होती. हात्सुए भिंतीला टेकून बाकावर बसली होती. पिल्नाम तिच्याशेजारी जाऊन बसली.

"हात्सुताई, तुमच्याकडे एक अंथरूण जास्तीचं असेल का?"

"आहे की. का गं?"

"मला जायला सहा दिवस आहेत. ती चार दिवस तुमच्याजवळ होती. काय खाल्लं, काय बोलली, रात्री झोपली का, मला सगळं पहिल्यापासून सांगा. आठवेल तसं सांगा. विसरलं असेल तिथं थांबा, मी बसून राहीन."

हात्सुए काठीवर भार देत उठली. "पहिल्या दिवशी तर तिनं काही खाल्लंच नाही," ती म्हणाली. "पाणी मागितलं, आणि ते तोंडाशी नेण्याआधी विचारलं, पोरं दोन्ही चालत गेली ना गं? कुणाला उचलून नाही ना न्यावं लागलं?"

"चालत गेलो," पिल्नाम म्हणाली. "दोघंही चालत गेलो."

"मी तेच सांगितलं तिला," हात्सुए म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं, पण सांगितलं."